यूट्यूब शॉर्ट्स : पुरणपोळी साठ सेकंदांत मावत नाही

यूट्यूबवरच्या छोट्या व्हिडिओंची, म्हणजे शॉर्ट्सची, ही सेवा मराठी प्रेक्षकाला काय देते, हे ‘पुरणपोळी’ शोधलं की लगेच कळतं. पातेल्यात डाळ पडते, गूळ पडतो आणि पुढच्याच क्षणी तव्यावर टम्म फुगलेली पोळी. मधलं सगळं गायब: शिजलेल्या डाळीचा कट पूर्ण निथळायचा, वाटीभर डाळीला वाटीभर गूळ घालून चमचा उभा राहीपर्यंत पुरण आटवायचं, कणीक सैल भिजवून, तेल लावून तिंबायची आणि मुरू द्यायची. यातलं एक चुकलं तरी पोळी लाटताना फुटते. मग नवशिक्याला वाटतं, आपल्याच हाताला गुण नाही. हे नुकसान कुठेच मोजलं जात नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं.

आवाजाचंही तेच. हिंदी वळणाचा यांत्रिक आवाज ‘वेळ’चा ‘वेल’ करतो, ‘बाळ’चा ‘बाल’, ‘ज्ञान’चं ‘ग्यान’. परदेशात वाढणाऱ्या, मराठी फक्त घरी आणि फोनवर ऐकणाऱ्या मुलांच्या कानात हेच उच्चार बसतात.

ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट साठ सेकंदांऐवजी तीन मिनिटांपर्यंत चालतो, म्हणजे प्रमाण सांगायला जागा आहे. पण शॉर्ट्सच्या जोरावर जाहिरातींतला वाटा मिळवायचा तर हजार सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत एक कोटी व्ह्यू लागतात. एवढा आकडा गाठायला एक पदार्थ नीट शिकवण्यापेक्षा रोज दहा तुकडे टाकणं सोपं पडतं.

मोदकाच्या कळ्या पाडणं, नऊवारीचा काष्टा खोचणं, अशी हाताची एकच हालचाल बघायला मात्र शॉर्ट उत्तम. तेवढ्यापुरते पाचपैकी चार तारे. पदार्थ पहिल्यापासून शिकायचा असेल तर एक.

असे तुकडे समोर येऊ नयेत म्हणून ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबत बसण्यात अर्थ नाही. एखादं चॅनेल बंद केलं तरी तोच तुकडा दुसऱ्या चॅनेलवरून समोर येतो. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिलेल्या व्हिडिओंची हिस्ट्री आधी पुसा, मग थांबवा. नुसती थांबवली तर जुन्या नोंदींवरून शिफारशी येत राहतात. दोन्ही केलंत की होम पान रिकामं होतं, वर फक्त शोधायची पट्टी उरते. सबस्क्राइब केलेली चॅनेलं जागेवरच राहतात. मग पदार्थाचं नाव टाका आणि फिल्टरमध्ये २० मिनिटांहून मोठे व्हिडिओ निवडा. त्यात कणीक बोटाला कितपत चिकटायला हवी, हे निदान डोळ्यांना दिसतं.