सिक्वेन्सिंग लॅब: वाचन चोख, वंशवृक्ष भंगार

मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. गेल्या पावसाळ्यात कंदीलपुष्पांच्या बारा नमुन्यांचा डीएनए वाचून घ्यायचा होता. आमच्याकडे पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं) आहे, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरात आहे, चालत नाही. म्हणून एका खाजगी लॅबचं 'पान द्या, वंशवृक्ष घ्या' असं पूर्ण पॅकेज घेतलं. लॅबचं नाव लिहीत नाही; अशी पॅकेजं आता बऱ्याच जणांकडे मिळतात आणि माझं म्हणणं पॅकेजबद्दलच आहे.

माझा प्रश्न साधा होता. सह्याद्रीतली काही कंदीलपुष्पं, म्हणजे सेरोपेजिया, ताठ उभी राहतात: हरिश्चंद्रगडावरची लॉई, मॅक्‌कॅनी, सह्याद्रिका. काही वेलीसारखी चढतात: ऑक्युलाटा, ह्युबेरी, विन्सिफोलिया. हा ताठपणा एकदाच आला आणि पुढच्या वंशजांत उतरत गेला, की वंशवृक्षाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर वेगवेगळा आला? फुलाकडे कितीही वेळ बघत बसलं तरी हे कळत नाही. नळीत खाली वळलेले केस, त्यात अडकणाऱ्या बारीक माश्या, केस सुकले की त्यांची सुटका, हा सापळा सगळ्यांचा सारखाच.

आणि फुलावर विसंबून आमच्या शास्त्राने पूर्वी मार खाल्लेला आहे. परागकण गोळ्यांनी चिकटलेले असतात म्हणून रॉबर्ट ब्राऊनने १८१० मध्ये रुईचं कुळ कण्हेरीच्या कुळातून वेगळं काढलं. पुढे डीएनए वाचला तेव्हा दिसलं की कण्हेर ही सदाफुलीपेक्षा रुईला जवळची आहे! मग कण्हेर आणि सदाफुली एका घरात ठेवून रुईला बाहेर कसं काढणार? १९९८ च्या एपीजी वर्गीकरणात, म्हणजे डीएनएवरून केलेल्या फुलझाडांच्या वर्गीकरणात, दोन्ही कुळं पुन्हा एक झाली. करवंद, सातवीण, रुई, कंदीलपुष्प सगळी एकाच छपराखाली. माझ्या पोरांच्या गाईडात अजून दोनच आहेत, आणि परीक्षेत तेच लिहावं लागतं. २०१७ मध्ये तर आपली शिंदळ माकडी आणि तिची मांसल भावंडंही सेरोपेजियातच घालावीत असा प्रस्ताव आला. तो सगळ्यांना मान्य नाही. डीएनएचं म्हणणं पटतं, पण त्या काटकुळ्या मांसल दांड्याला कंदीलपुष्प म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही.

असो. वनखात्याची परवानगी काढून प्रत्येक झाडाचं एकच पान घेतलं, कंदाला हात लावला नाही. पान फाडून चहाच्या रिकाम्या पिशवीत, पिशवी ओलावा शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या डबीत. पावसात जेल दोन दिवसांत गुलाबी व्हायचं, मग तव्यावर परतून पुन्हा निळं करायचं. सासूबाई म्हणाल्या, "तवा वेगळा घे गं बाई." घेतला.

लॅबचं वाचन खरंच चोख आहे. पानात चीक आणि बुळबुळीतपणा असूनही बारापैकी दहांचा डीएनए पहिल्या फेरीत निघाला, दोनांचा दुसऱ्या फेरीत, जास्तीचे पैसे न घेता. क्रोमॅटोग्रामच्या, म्हणजे वाचनाच्या आलेखांच्या, मूळ फायली न मागता पाठवल्या, हे फार थोडे लोक करतात. दोन्ही बाजूंनी वाचन होतं, शिखरं स्वच्छ. क्लोरोप्लास्टच्या (हरितलवकाच्या) डीएनएच्या तुकड्यात चार अक्षरांपैकी एकाच अक्षराची लांब रांग आली की पुढचं वाचन घसरतं, तिथे त्यांनी स्वतःहून शेरा मारला होता.

घोळ पुढे आहे. रिपोर्ट यायच्या आधी फोन आला, "मॅडम, अभिनंदन, तुमचा सात नंबर नॉव्हेल लिनिएज आलाय. पेपर होईल." म्हणजे नवाच वंश. रिपोर्टमध्ये रंगीत वंशवृक्ष होता. अकरा नमुने एका झुपक्यात आणि सात नंबर कागदाच्या पार दुसऱ्या टोकाला, लांबलचक फांदीवर. रात्री झोप नाही आली, खोटं कशाला बोलू. सकाळी चहा ठेवला आणि सात नंबरची अक्षरं स्वतः जीनबँकेत, म्हणजे डीएनएच्या सार्वजनिक संग्रहात, ताडून बघितली. क्लॅडोस्पोरियम. बुरशी!

यात नवल काहीच नाही. त्यांनी डीएनएचा आयटीएस हा तुकडा ज्या प्रायमरांनी (हवा तो भाग पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) उचलला, ते आयटीएस ४ आणि ५ मुळात १९९० मध्ये बुरशीसाठीच बेतलेले. झाडावरही चालतात म्हणून सगळे वापरतात. पान नीट सुकलं नाही तर झाडाऐवजी बुरशीच वाचली जाते. पान नीट न सुकणं ही चूक माझी. पण बुरशीला कंदीलपुष्पाचा नवा वंश ठरवून वर अभिनंदन करणं ही त्यांची.

बाकीच्या अकरांचा झुपका मग उलगडून बघितला. तुलनेसाठी बाहेरची एकही वनस्पती घेतलेली नव्हती, त्यामुळे वृक्षाचं मूळ कुठे हेच ठरत नव्हतं. फांद्यांवरचे बूटस्ट्रॅपचे आकडे, म्हणजे कुठली फांदी किती भरवशाची ते, छापलेच नव्हते. मागितल्यावर आले: ३८, ४१, ५२. शंभरापैकी. म्हणजे झाड कसलं, फणी ती! सगळे दात एकाच पट्टीतून निघालेले, कोण कोणाला जवळचं ते कळतच नाही. ताठ आणि वेली, सगळ्यांच्या आयटीएसमध्ये दोन-चार अक्षरांचा फरक. हा दोष लॅबचा नाही, माझ्या प्रश्नाला एवढी अक्षरं पुरतच नाहीत. पण ते सांगायचं सोडून रंग भरून दिले, आणि त्या रंगाचे साडेचार हजार वेगळे लावले.

तेव्हा डीएनए काढणं आणि वाचन यासाठी त्यांच्याकडे खुशाल जा, पाचपैकी साडेचार. वंशवृक्षाच्या पॅकेजला शून्य. रुईची आणि हरणदोडीची अक्षरं तुलनेला घेऊन मीच तो पुन्हा काढला. फणी ती फणीच राहिली, पण निदान तिचं मूळ तरी सापडलं. सात नंबरचं नवीन पान परवा कुरियर केलंय. फॉर्मवर फक्त 'वाचन' समोर खूण केली.