परदेशी बातमीदारी: एजन्सीची नोकरी की स्वतःच्या हिमतीवर?

आझाद मैदानाजवळच्या प्रेस क्लबात भेटणारी तरुण मुलं मला हेच विचारतात: रॉयटर्स, एएफपीसारख्या वृत्तसंस्थेत, म्हणजे एजन्सीत, शिरायचं, की कॅमेरा-लॅपटॉप उचलून थेट बाहेर पडायचं? मी दोन्ही केलंय. सहा वर्षं एका विदेशी संस्थेच्या मुंबई ब्युरोत, पुढे चार वर्षं स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे नोकरी नाही, बातमीमागे पैसे.

मुंबईत एजन्सीचं काम म्हणजे बरंचसं पैशापाण्याच्या बातम्यांचं. सकाळी दहाला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर पतधोरण वाचू लागले की रेपो दराचा आकडा कानावर पडताक्षणी अलर्ट, म्हणजे एका ओळीची तातडीची बातमी, सुटायला हवा. प्रतिस्पर्धी काही सेकंद पुढे गेला तरी डेस्कवरून विचारणा होते. लिखाण फुलवायला वाव नसतो, पण आकडा, नाव, हुद्दा तपासण्याची सवय कायमची अंगात मुरते. पगार वेळेवर, विमा आहे, आणि धोक्याच्या ठिकाणी पाठवण्याआधी प्रशिक्षण मिळतं. त्या प्रशिक्षणात मी सोबत्याच्या मांडीवर टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणारा पट्टा, बांधलं. पट्टा आवळायचा, दांडी पिळत राहायची, बांधल्याची वेळ लिहायची. तो कळवळला म्हणून मी हात सैल केला, तर प्रशिक्षक म्हणाले, "दुखत नसेल तर रक्त थांबणार नाही." तो धडा मला स्वखर्चाने कधी परवडला नसता.

तरीही एजन्सी म्हणजे कवच नव्हे. रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दिकी 16 जुलै 2021 ला अफगाणिस्तानात स्पिन बोल्दकला मारले गेले.

स्ट्रिंगरला विषय निवडता येतो, आणि हे सुख फार मोठं आहे. जुलै 2022 मध्ये, श्रीलंकेतल्या आर्थिक संकटात, कोलंबोत आंदोलक राष्ट्रपती भवनात शिरले तेव्हा एजन्सीवाले मिनिटामिनिटाची बातमी देत होते. मी मात्र पेट्रोलच्या रांगेत अडकलेल्या रिक्षावाल्याबरोबर अख्खा दिवस बसू शकलो. तो लेख मला आजही माझा वाटतो. पण हॉटेल, फिक्सर (ओळखी-भाषेची सोय करणारा स्थानिक माणूस), गाडी, सगळं माझ्या खिशातून गेलं आणि छापणाऱ्या साप्ताहिकाने पैसे दिले सात महिन्यांनी. सीरियात 2012 मध्ये अपहरण झालेले आणि 2014 मध्ये मारले गेलेले अमेरिकन पत्रकार जेम्स फोली असेच फ्रीलान्सर, म्हणजे कुणाच्या नोकरीत नसलेले, होते. फ्रीलान्सरांना रोरी पेक ट्रस्ट मदत करतो, रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जॅकेट उसनं देते. निघण्याआधीच त्यांना लिहा.

व्हिसाचं मात्र नीट बघा. पर्यटक व्हिसावर बातमीदारी करायला जाऊ नका. पत्रकार व्हिसासाठी एजन्सीचं पत्र वजन टाकतं, स्ट्रिंगरला एखाद्या संपादकाकडून काम दिल्याचं पत्र मिळवावं लागतं. दोन देशांचं बिनसलं तर एजन्सीवाला आणि स्ट्रिंगर, दोघांचंही चालत नाही: 2023 मध्ये भारत-चीनने एकमेकांच्या बातमीदारांचे व्हिसा वाढवून दिले नाहीत.

भारतीय वृत्तपत्राकडून परदेशात नेमणूक हा तिसरा मार्ग, पण अशा जागा मोजक्या, आणि मराठी दैनिकांत तर विरळाच. त्या भरवशावर थांबू नका.

पंचविशीच्या आत असाल तर आधी चार-पाच वर्षं एजन्सीत काढा, असं मी स्पष्ट सांगेन. एखाद्या देशाची भाषा येत असेल आणि वर्षभराचा खर्च बाजूला असेल, तरच आधी स्ट्रिंगर व्हा. निघताना मी आईजवळ एक कागद ठेवायचो: रक्तगट, संपादकाचा नंबर, वकिलातीचा नंबर, आणि खाली ठळक अक्षरांत, "सातला माझा फोन आला नाही तर नऊला पहिल्या नंबरवर लाव." डोंबिवलीच्या घरात फ्रिजवर तो अजून चिकटवलेला आहे.