सदाशिव पेठेतली नर्सिंग सीईटी (प्रवेश परीक्षा) + एनआयओएस (ओपन स्कूल) बारावीची संध्याकाळची बॅच, दहा महिने केल्यावरचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार दिलेत. एक कशाला कापला ते पुढे लिहितेच, पण आधी माझी परिस्थिती सांगते, कारण त्याशिवाय हा रिव्ह्यू कुणाच्या कामाचा नाही. दहावी मराठी मीडियम, अकरावी सायन्स झाली आणि बारावीत असताना वडिलांचं आजारपण निघालं, कॉलेज सुटलं ते सुटलंच. मग लग्न, मग पुणे. आता धनकवडीत राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी सात ते तीन रिसेप्शनला असते, नावं लिहिणं, ट्यूबवर लेबल लावणं, रिपोर्ट देणं. वडील ॲडमिट होते तेव्हा रात्री अडीचला एक सिस्टर येऊन सलाईन बघायच्या आणि आईला दोन मिनिटं बसून समजावून सांगायच्या, तेव्हापासून नर्सिंग डोक्यात आहे. पण बारावीच नाही तर अर्ज करणार कुठून.

या क्लासआधी मी एका एजंटकडे गेले होते, नाव लिहित नाही. "बारावी आम्ही बघू, सीईटीची गरज नाही, बाहेरच्या राज्यात सीट कन्फर्म" असं म्हणून पाच हजार घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. ते पैसे गेले. म्हणून इथे चौकशीला आले तेव्हा मी खूप सावध होते, पर्स उघडायचीच नाही असं ठरवून आले होते.

पण इथल्या मॅडमनी फीचा विषयच काढला नाही, आधी दहावीचं ओरिजिनल सर्टिफिकेट मागितलं. मग पाठकोऱ्या कागदावर लिहून दाखवलं की बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश हवंच, पीसीबी मिळून ओपनला ४५ टक्के आणि इंग्लिशमध्ये पास, आणि एनआयओएसची सायन्सची बारावी त्याला चालते. आणि पुढे जे सांगितलं ते मला तोपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं, की एनआयओएसला ३३ टक्क्यांना पास होतं पण तसलं पास नर्सिंगच्या काही कामाचं नाही, त्यामुळे पास व्हायचा अभ्यास करायचाच नाही, ४५ च्या वरचा करायचा. जीएनएमचंही, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचंही, स्वतःहून सांगितलं, ते तीन वर्षांचं, बारावी कुठल्याही शाखेची चालते, एकूण ४० टक्के आणि इंग्लिशमध्येही ४०, आणि नंतर पोस्ट बेसिक दोन वर्षांचं करून बीएस्सी होता येतं. "घरी विचार, बीएस्सीची चार वर्षं जमणार नसतील तर जीएनएम कर, त्याला आर्ट्सची बारावी चालते आणि आमच्या क्लासची गरजही नाही" असं त्या म्हणाल्या. क्लास चालवणारी बाई हे तोंडावर सांगते म्हटल्यावर मी तिथंच ठरवलं. एएफएमसीचं, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजचं विचारलं तर तिथे नीटची परीक्षा लागते आणि संसारात असलेल्या विवाहित मुली घेत नाहीत, तो विषय माझ्यापुरता तिथंच संपला.

फी २२ हजार, तीन हप्त्यांत, एनआयओएसची ॲडमिशन आणि परीक्षा फी वेगळी, ती आपण आपली ऑनलाइन भरायची. बॅच साडेचार ते सात, सोमवार ते शनिवार. बॅचला आम्ही चौदा जणी आणि तीन मुलं, त्यातल्या सहा जणी माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या, एक ताई तर चाळिशीकडे आलेल्या, कात्रजहून दोन बस बदलून यायच्या.

आता शिकवण्याबद्दल. बायोलॉजी मॅडम स्वतः घेतात आणि ते एक नंबर आहे. आमच्यातल्या निम्म्या मराठी मीडियमच्या, त्यामुळे त्या फळ्याच्या मधोमध रेघ मारतात, डावीकडे अलिंद निलय केशिका परासरण आणि उजवीकडे एट्रियम व्हेंट्रिकल कॅपिलरी ऑस्मोसिस, आणि पेपर इंग्लिशमध्ये लिहायचा म्हणून स्पेलिंग रोज पाच पाच वेळा लिहून घेतात. ऑस्मोसिसच्या दिवशी त्यांनी विचारलं की पेशंटला शिरेतून साधं पाणी का देत नाहीत, सलाईनच का. कुणालाच येईना. मग त्यांनी आकृती काढून दाखवलं की नुसतं पाणी गेलं तर ते तांबड्या पेशींच्या आत शिरतं, पेशी फुगते आणि फुटते, म्हणून ०.९ टक्के मिठाचं पाणी, जे रक्ताशी जुळतं. वडिलांच्या पलंगाशेजारी त्या बाटलीकडे बघत मी कितीतरी रात्री बसले होते, त्यात काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

केमिस्ट्रीचे सरही तसेच. कोऑर्डिनेशन कंपाउंड्समध्ये ईडीटीए आलं तेव्हा मी हात वर करून म्हटलं सर हे आमच्या लॅबमध्ये जांभळ्या झाकणाच्या ट्यूबवर लिहिलेलं असतं. सर थांबले आणि म्हणाले उद्या एक कोरी ट्यूब आण. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये विचारून जांभळी आणि करडी अशा दोन कोऱ्या ट्यूब घेऊन गेले, त्यांनी त्या सगळ्या बॅचमधून फिरवल्या आणि सांगितलं की रक्त गोठायला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए ते कॅल्शियम सहा जागांनी धरून ठेवतं, म्हणून सीबीसीचं, म्हणजे पेशी मोजायचं रक्त पातळ राहतं, आणि करड्यामध्ये फ्लोराइड असतं, ते पेशींना साखर वापरू देत नाही म्हणून शुगरचा आकडा पडत नाही. चार वर्षं मी रोज त्या ट्यूबना लेबल लावतेय, रंग पाठ आहेत, कारण त्या दिवशी कळलं. सीईटीला काय मार्क येतील ते येतील, पण तो तास मी विसरणार नाही.

फॉर्मचं काम मात्र सगळ्यात महत्त्वाचं आणि लग्न झालेल्या मुलींनी हे नीट वाचा. माझं दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि मी सीईटीचा फॉर्म मोबाइलवर आधार बघून भरायला घेतला होता. मॅडमनी सबमिट करायच्या आधी सगळ्यांचे फॉर्म स्वतः बघितले, एकेकीला शेजारी बसवून, सर्टिफिकेटवर स्टीलची पट्टी ठेवून अक्षर अक्षर जुळवत. माझ्या नावावर पट्टी थांबली. "अगं, दहावीला आहे तसंच भर, सासरचं नाव पुढे गॅझेट आणि मॅरेज सर्टिफिकेटने दाखवता येतं, फॉर्मला दोन नावं झाली की कागद तपासताना अडकशील." आईच्या नावातही एक ए जास्त होता, तोही त्यांनीच पकडला.

आणि दोन्ही गोष्टी एकदम चालू असतात हे लोकांना कळत नाही. एनआयओएसच्या बारावीचे पेपर एप्रिल-मेमध्ये, सीईटीचा फॉर्म त्याच्या आधीच भरायचा, म्हणजे मार्कशीट हातात नसताना अपिअरिंग म्हणून. बारावी झाल्यावर बघू म्हणून थांबलं तर वर्ष गेलं. त्यात टीएमए, म्हणजे घरी लिहून द्यायची असाइनमेंट, तिला थिअरीत २० टक्के वजन असतं आणि खूप जण ती शेवटच्या रात्री उतरवून काढतात, इथे मॅडम दोनदा परत लिहायला लावतात. शिवाय प्रत्येक सायन्स विषयाचं प्रॅक्टिकल २० मार्कांचं, थिअरी ८०. क्लासच्या दारामागे मोठा कॅलेंडरचा कागद चिकटवलाय, त्यावर लाल पेनाने परीक्षा, निळ्याने फॉर्म आणि हिरव्याने कागदपत्रं, म्हणजे डोमिसाईल, नॉन क्रीमी लेयर, कास्ट व्हॅलिडिटी, गॅपचं ॲफिडेव्हिट. ज्यांना व्हॅलिडिटी लागते त्यांना जूनमध्येच विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात पिटाळलं होतं, त्यातल्या तिघींची वेळेत हातात आली. कॉलेज निवडताना इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल दोन्हीची मान्यता बघायची हेही त्यांनी वर्गात घोकून घेतलं, नुसता चकचकीत बोर्ड बघून ॲडमिशन घेऊ नका म्हणून.

आता एक स्टार का कापला. फिजिक्सचे सर ऐन नोव्हेंबरमध्ये सोडून गेले, नवीन यायला तीन आठवडे लागले आणि करंट इलेक्ट्रिसिटी आमची कायमची कच्ची राहिली, याबद्दल मॅडमनी सॉरी म्हटलं पण जास्तीचे तास मिळाले फक्त चार. दुसरं, सीईटी कॉम्प्युटरवर असते, १०० प्रश्न ९० मिनिटांत, आणि इथे सगळ्या टेस्ट कागदावर. ज्या मुलींनी माउस कधी धरला नाही त्यांचं काय? मी नवऱ्याच्या मित्राच्या ऑफिसात बसून दोन मॉक दिल्या, सगळ्यांना ते जमत नाही. नर्सिंग ॲप्टिट्यूडला २० मार्क आहेत, इंग्लिशइतकेच आणि बायोलॉजीइतकेच, पण ते शेवटच्या तीन आठवड्यांत उरकलं. हे क्लासने खरंच सुधारावं, मी मॅडमना तोंडावरही सांगितलंय. झेरॉक्स नोट्स फिक्या येतात, आकृत्यांची नावं वाचता येत नाहीत, मी अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड बायोलॉजी घेतलं त्याचा जास्त उपयोग झाला.

बाकी जागा जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना, पावसाळ्यात घसरतो, सांभाळून चढा. गाडी लावायला जागा अजिबात नाही, स्वारगेटपर्यंत बसने येऊन पुढे चालत या. पाणी आणि बाथरूम स्वच्छ, हे बायकांनी विचारायचंच असतं म्हणून लिहिलं.

सीईटी देऊन झालीय, बारावीचे पेपर परवा संपले, केमिस्ट्री चांगला गेला, बायोलॉजी त्याहून चांगला, फिजिक्समध्ये ४५ पडले तरी मला चालेल. निकाल यायचेत. शेवटच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना एकमेकींची नाडी मोजायला बसवलं होतं, मनगटावर तीन बोटं, अंगठा लावायचा नाही कारण अंगठ्यात आपलीच नाडी लागते. मला कात्रजच्या ताईंची मिळाली, मिनिटाला ८८, जिना चढून नुकत्याच आल्या होत्या.

चौकशीला जायचं तर चारच्या आत जा, नंतर तास चालू होतो आणि मॅडम भेटत नाहीत. दहावीचं ओरिजिनल सर्टिफिकेट आणि आधार दोन्ही बरोबर न्या.