वातावरच्या पुड्या विकणारी जीप गावात आली तर आधी हे वाचा

कर्नाटकातल्या आमच्या खानापूर भागात भोंगा लावून एक जीप येत होती, आधी मराठीत मग कानडीत, गुडघेदुखी, संधिवात, कंबरदुखी सगळ्यावर एकच पुडी, शंभर टक्के जडीबुटी, साइड इफेक्ट झिरो. आमच्या आप्पांना गाउट आहे, म्हणजे रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजतात तो आजार. रात्री झोपेत पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन सुजतो, चादर लागली तरी ओरडतात. डॉक्टरांची अ‍ॅलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक अ‍ॅसिड उतरवायची गोळी, चालू होती पण दुखत नाही तर गोळी कशाला म्हणून त्यांनी ती केव्हाच सोडलेली. जीपवाल्यानं हे बरोबर हेरलं, इंग्रजी गोळ्यांनी किडनी जाते ओ काका म्हणाला आणि महिन्याच्या पुड्या गळ्यात मारून गेला, बिल नाही पावती नाही.

आणि खरंच सांगतो, दुसऱ्या दिवशी सूज उतरली. आप्पा शेताकडं चालत गेले, भूक वाढली, गाल भरले, जो येईल तो म्हणायचा तब्येत सुधारली की ओ तुमची! पुढं नुसतं तोंडच गोल होत गेलं, हातपाय काटकीच, कुठं जरा धक्का लागला की काळानिळा डाग, आणि शुगर, जी कधी नव्हती, ती तीनशेच्या वर. जीपवाल्याला फोन केला तर म्हणे आतला वात बाहेर पडतोय, पुडी थांबवू नका. पुढच्या खेपेला जीप आलीच नाही. पुड्या संपल्या आणि तीन-चार दिवसांत आप्पा अंथरुणाला खिळले, उलट्या, उठलं की चक्कर, बीपी एकदम खाली. बेळगावला अ‍ॅडमिट करावं लागलं.

तिथल्या डॉक्टरांनी तोंड बघूनच विचारलं, कसली पुडी घेत होता? रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासलं ते अगदी कमी. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन नाहीतर प्रेडनिसोलोन असलं स्टिरॉइड कुटून घालतात म्हणाले, वर डायक्लोफेनॅकसारखं पेनकिलरही असतं. आपल्या किडनीवरच्या ग्रंथी रोज थोडं स्टिरॉइड स्वतः बनवत असतात, बाहेरून भरपूर मिळायला लागलं की त्या काम सोडतात, आणि पुरवठा अचानक तुटला की आप्पांचं झालं तसं होतं, माणूस दगावू पण शकतो.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. जीपवाल्यानं पथ्य सांगितलेलं: पुडी सकाळीच घ्यायची, पोटभर खाऊन घ्यायची, मीठ कमी करायचं, मधेच बंद करायची नाही. आम्हाला वाटलं आयुर्वेद आहे, पथ्य असणारच. पण स्टिरॉइड देताना डॉक्टर नेमकं हेच सांगतात, रात्री घेतलं तर झोप उडते, रिकाम्या पोटी त्रास होतो, मिठानं अंगात पाणी साठतं. म्हणजे त्या माणसाला आत काय आहे ते पक्कं माहीत होतं! अडाणी वैदू असता तर एवढा राग आला नसता.

स्टिरॉइड वाईटच असं नाही हं, गाउटचा जोराचा अटॅक आला तर डॉक्टर पण देतात, पण मोजून, थोडे दिवस. त्यानं युरिक अ‍ॅसिड काही उतरत नाही, नुसती सूज दबते. आप्पांचं तर वाढलेलंच निघालं. ते रक्ताच्या रिपोर्टमध्ये सहाच्या (mg/dL) खाली ठेवायला अ‍ॅलोप्युरिनॉल नाहीतर तसलीच फेबुक्सोस्टॅट दुखत नसलं तरी घ्यायची असते, आणि सुरुवातीला त्या गोळीनंच कधी कधी अटॅक येतो म्हणून जोडीला काही महिने अटॅक आवरायला कोल्चिसिन नावाची गोळी देतात. हे आधीच कुणी नीट समजावलं असतं तर गोळी सुटलीच नसती.

कुणाच्या घरी अशी पुडी चालू असेल तर हे वाचून एकदम बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडं जा, ते हळूहळू डोस उतरवतात. आप्पांचं तेच चाललंय, सोबत शुगरची गोळी. पाकिटावर लायसन्स नंबर, बॅच नंबर, आत काय घातलंय ते छापलेलं नसेल तर घेऊच नका. संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. आम्ही तक्रार करायला गेलो तर पाकिटावर पत्ता महाराष्ट्रातला, इथले म्हणतात तिकडं जा, तिकडचे म्हणतात विकलं कर्नाटकात. हे सीमाभागाचं रडगाणं औषधात पण आहेच. परवा चंदगडकडच्या पाहुण्यांचा फोन आला, तसलीच जीप आता तिकडं फिरतीय. कुणाला दिसली तर गाडीच्या नंबरचा फोटो काढा आणि एक पुडी न फोडता ठेवा, औषध निरीक्षकाला द्यायला आमच्याकडं एकही शिल्लक नव्हती.