जुनं सॉकेट आणि मोठं कार्ड, की नवं सॉकेट आणि छोटं कार्ड?

मध्यम बजेटात गेमिंग पीसी जुळवायला बसलं की घोडं हमखास एकाच ठिकाणी अडतं: एएमडी कंपनीचं जुनं सॉकेट (मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) एएम४ घ्यायचं की नवं एएम५. एएम४चा प्रोसेसर रायझन ५ ५६०० घेतला तर जुन्या पिढीची डीडीआर४ रॅम आणि साधा बी५५० मदरबोर्ड पुरतो, वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालता येतात. एएम५चा रायझन ५ ७६०० घेतला तर नव्या पिढीची डीडीआर५ रॅम आणि बी६५० मदरबोर्ड आलाच, आणि तो खर्च कार्डाच्या वाट्यातून जातो. दोन्ही प्रोसेसर सहा कोअरचे, ६५ वॉटचे, ३२ एमबी एल३ कॅशेचे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी). डब्यावरचे आकडे वाचून निर्णय होणार नाही.

मॉनिटर आणि विंडोज सोडून उरलेल्या बजेटचे १०० भाग धरा.

एएम४: कार्ड ४५, प्रोसेसर १३, मदरबोर्ड ११, रॅम ९, एसएसडी ८, पॉवर सप्लाय ८, कॅबिनेट ६.
एएम५: कार्ड ३२, प्रोसेसर १७, मदरबोर्ड १६, रॅम १३, एसएसडी ८, पॉवर सप्लाय ८, कॅबिनेट ६.

भाव हलले की दोन-चार भाग इकडचे तिकडे होतात. २०२५च्या अखेरीस रॅम भडकली तेव्हा तर हा हिशेब पार बदलला, त्यामुळे खरेदीच्या दिवशी रॅमचा भाव आधी बघा. पण कार्डातला १३ भागांचा फरक साधारण टिकतो, आणि तो किरकोळ नाही. एका बाजूला एनव्हिडियाचं ८ जीबीचं आरटीएक्स ५०६०, तर दुसऱ्या बाजूला १६ जीबीचं ५०६० टीआय, इतका तो फरक आहे.

आता मॉनिटरकडे बघा. १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, पावणेदोनपट. हा सगळा वाढीव भार कार्डावर येतो. प्रोसेसरचं काम रिझोल्यूशनने फारसं बदलत नाही. तो सेकंदाला किती फ्रेम तयार करू शकतो याची कमाल मर्यादा ठरवतो, बस्स. म्हणून १४४०पीवर ६० ते १०० फ्रेममध्ये मोठे सिंगल-प्लेअर गेम खेळणाऱ्याला ५६०० क्वचितच आडवा येतो. १०८०पीवर, सेटिंग्ज खाली ओढून, १८० किंवा २४० हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणाऱ्या) पडद्यावर शूटर खेळणाऱ्याचं कार्ड मात्र निम्मं रिकामं बसतं आणि सगळा जोर प्रोसेसरवर येतो. तिथे ७६०० आणि डीडीआर५ स्पष्ट पुढे आहेत. ६० हर्ट्झचा जुना १०८०पी मॉनिटरच वापरणार असाल तर दोन्ही पर्याय जास्तीचे आहेत. आधी मॉनिटर बदला.

८ जीबी व्हीरॅमचा (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा) त्रास सरासरी फ्रेमच्या आकड्यात दिसत नाही. सरासरी ८० दाखवते, पण वळणावर कॅमेरा फिरवला की चित्र झटका खातं, किंवा भिंतीवरचं टेक्स्चर धुरकट राहून दोन-तीन सेकंदांनी स्पष्ट होतं. व्हीरॅम भरली की जादाचा डेटा सिस्टिम रॅममधून पीसीआयई लेनवरून (कार्ड आणि बाकी पीसी यांच्यातल्या वाटांवरून) ये-जा करतो, आणि एएम४ घेणारे फसतात ते नेमके इथे. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय फक्त ८ लेन वापरतात. बी५५०वर ५६०० असेल तर पीसीआयई ४.० मिळतं, म्हणजे ८ लेनवर सेकंदाला सुमारे १६ जीबी. बी४५० किंवा ए५२० बोर्ड घेतला तर ३.० मिळतं, म्हणजे वाट निम्मी. प्रोसेसरमध्ये ५६००ऐवजी स्वस्तातला ५५०० घेतला तरी तेच होतं: त्यात पीसीआयई ३.० आणि एल३ कॅशे फक्त १६ एमबी. नावात शंभराचा फरक दिसतो, मूळ चिपच वेगळी आहे. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी हे कार्ड १६ लेनचं असल्याने ३.०च्या बोर्डावर कमी अडखळतं. जुना बोर्ड हाताशी असेल तर १६ जीबीवालं हेच कार्ड बघा. आणि जुन्या बी४५०चं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) आधी अपडेट करा, नाहीतर ५६०० टाकल्यावर पडदा काळाच राहील.

एएम५वर काळा पडदा वेगळ्या कारणाने दिसतो. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्यात काही मिनिटं जातात. पंखे फिरतायत, पडदा मात्र काळा. पीसी गेला असं समजून मध्येच वीज तोडली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. रॅम १६ जीबीच्या दोन काड्या, ६००० वेगाच्या, सीएल३० (प्रतिसादाच्या विलंबाचा आकडा). प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मग बायोसमध्ये एक्सपो, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. चार काड्या लावू नका: रायझन ७००० मालिकेला चार काड्यांवर अधिकृत वेग ३६०० इतकाच आहे. "आत्ता दोन, पुढे आणखी दोन" हा बेत डीडीआर४वर खपून जातो, इथे नाही.

हाताळणीतही फरक आहे. एएम५च्या पिना सॉकेटमध्ये असतात. वरचं प्लास्टिक आधी काढू नका, लिव्हर बंद करताना ते आपोआप उडतं. एएम४च्या पिना प्रोसेसरला असतात. कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या थर्मल पेस्टला (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहणारा थर) चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. काढण्याआधी पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट नरम होऊ द्या, पीसी बंद करा, स्क्रू सोडवा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवा. ७६००मध्ये लहानसं अंगभूत ग्राफिक्स आहे, त्यामुळे कार्ड बिघडलं तरी पडदा दिसतो. ५६००त ते नाही.

पॉवर सप्लाय दोन्हीकडे ६५० वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा. ब्रॉन्झ-गोल्ड हा शिक्का किती वीज वाया जाते ते सांगतो, आतल्या भागांचा दर्जा नव्हे. मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) असेल तर जुन्या सप्लायच्या केबल नव्यात खुपसू नका: टोक बसतं, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि एसएसडी-हार्डडिस्क जळतात.

इंटेलचा आय५-१२४००एफ हा प्रोसेसर हिशेबाला एएम४च्याच रांगेत बसतो. डीडीआर४चा बोर्ड मिळतो आणि सॉकेटला इंटेलच्या १४व्या पिढीच्या पुढे वाट नाही.

अपग्रेडचं गणित मात्र नीट करा. कार्ड बदलणं दहा मिनिटांचं काम. सॉकेट बदलायचं तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही जातात आणि पीसी पुन्हा उकलावा लागतो. एएम४वर ते ३३ भाग आज ना उद्या बुडणार आहेत, कारण तिथला शेवटचा चांगला टप्पा, जादा कॅशेचे एक्स३डी प्रोसेसर, आता नवा मिळणं कठीण झालंय. एएम५वर ७८००एक्स३डी सरळ त्याच बोर्डात बसतो, फक्त बायोस अपडेट आणि बरा कूलर लागतो.

दोन-तीन वर्षांनी जुनं कार्ड विकून नवं घेण्याची सवय असेल, किंवा स्पर्धात्मक शूटर हाच मुख्य खेळ असेल, तर एएम५ आणि आज छोटं कार्ड. एकदा बांधून पाच वर्षं कॅबिनेट उघडायचं नाही, पडदा १४४०पीचा, तर ५६००, बी५५० आणि १६ जीबीचं कार्ड. घरात डीडीआर४च्या चांगल्या दोन काड्या पडून असतील तर दुसऱ्या पर्यायाचे आणखी नऊ भाग मोकळे होतात; ते एसएसडी १ टीबीवरून २ टीबी करण्यात घाला.