१६ महिने, आठ हजारांची हत्यारं आणि दाजींचा बेंच ग्राइंडर

माझ्या हत्यारांच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं पेन्सिलीच्या नोंदी आहेत. ड्रिल हातात घेतलं की तारीख, काम आणि मिनिटं लिहायची. हिशेबनिसाच्या नोकरीनं लागलेली खोड, दुसरं काही नाही. परवा बेरीज मारली. १६ महिन्यांत ड्रिल चाललंय १९ तास. लाकूड, भिंत, लोखंड सगळं धरून. आमच्यासारख्या हौशी माणसाचं हत्यार चालतं कमी आणि झोपतं जास्त. स्वस्त घ्यावं की महाग, या वादात हा आकडा कुणी धरतच नाही, म्हणून आधीच सांगून टाकला.

आम्ही कोल्हापूरचे. पूर्वी शाहूपुरीत राहायचो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात वडिलांची हत्यारपेटी चार-पाच दिवस पाण्याखाली होती. रॉकेलमध्ये भिजवून, घासूनपुसून त्यातली टपारियाची पक्कड, हातोडी आणि एक पटाशी तेवढी हाती लागली. बाकीचा गंजाचा गोळा भंगारात घातला. नंतर घर बदललं, मागे आठ बाय दहाची पत्र्याची शेड मिळाली आणि सगळं नव्यानं घ्यायचं ठरलं. त्याच आठवड्यात ऑनलाइन सेल लागला. ड्रिलचा किट १,८९९, लोखंड कापायचा ग्राइंडर १,३५०, बॅटरीवरचा स्क्रू ड्रायव्हर २,४००, पान्या-पेचकसांचा सेट ८९९, सहा क्लॅम्प ७८०, बारीक मापं घ्यायचा डिजिटल व्हर्नियर ५६०, मल्टिमीटर २४० आणि काटकोन बघायचा गुण्या ७०. एकूण ८,१९८ रुपये. एकाही वस्तूवर ओळखीचं नाव नव्हतं.

आमचे दाजी उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, ३० वर्षं लेथवर आहेत. खोकी बघून ते काही बोलले नाहीत, नुसतं उचलून वजन बघितलं आणि चहा प्यायले.

ड्रिलच्या किटवर '१०१ नग' असं मोठ्या अक्षरात होतं. घरी मोजले, १०१ भरले. पण त्यातल्या ४० भिंतीत ठोकायच्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या आणि ३० स्क्रू! उरलेल्यात सोनेरी बिटांची एक ओळ, भिंतीची बिटं, एक खेळण्यातली वाटावी अशी हातोडी, टेप, टेस्टर. सोनेरी बिटं दिसायला अशी झकास की पहिले दोन दिवस मी ती नुसती काढून बघत होतो.

तिसऱ्या दिवशी कुंड्यांच्या स्टँडसाठी ५ एमएमच्या अँगलला भोक पाडायला बसलो. सहाचं बिट लावलं, दाबलं. किर्रर्र असा आवाज, थोडा धूर आणि अँगलवर आरशासारखा चकचकीत एक ठिपका. भोक नाहीच. बिटाचं टोक निळं पडलेलं. दुसरं लावलं, त्याचीही तीच गत. मशिनमध्ये दम नाही असं म्हणत ड्रिल पिशवीत घातलं आणि दाजींचं वर्कशॉप गाठलं.

दाजींनी माझ्याच ड्रिलमध्ये त्यांच्याकडचं सहाचं एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टीलचं बिट लावलं, अँगलवर पंच मारला, दोन थेंब तेल सोडलं आणि बटण अर्धंच दाबलं. बिटाच्या दोन्ही अंगांनी लोखंडाच्या गुंडाळ्या वर यायला लागल्या. मिनिटभरात भोक आरपार. मशिन तेच, अँगल तोच.

मग त्यांनी माझं सोनेरी बिट बेंच ग्राइंडरला लावलं. पिवळ्याधमक ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटत सुटल्या. पाठोपाठ स्वतःचं बिट लावलं, तर लालसर, मलूल ठिणग्या, त्याही मोजक्याच. साधं कार्बन स्टील फुलबाजीसारखं फुटतं, हायस्पीड स्टील तसं फुटत नाही. आणि साध्या स्टीलचं पाणी, म्हणजे कडकपणा, तापलं की उतरतं. टोक निळं पडलं म्हणजे धार गेली, पुढं कितीही दाबा.

"पाव्हणं, ह्ये बिट न्हवं, खिळा हाय. वरनं सोन्याचं पाणी दिलंय नुसतं," दाजी म्हणाले.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालंय. स्वस्त घेतल्यावर आपण मशिनला शिव्या घालतो, पण बहुतेक वेळा दगा देतं ते मशिनच्या तोंडाशी लावलेलं सामान. बिट, ब्लेड, डिस्क. मी मिरांडाची ३ ते १० एमएमची मोजकी सात एचएसएस बिटं आणि भिंतीसाठी चांगल्या कार्बाइड टोकाची ६ आणि ८ ची दोन-दोन बिटं दुकानातून सुटी घेतली. तेवढ्यावर १,८९९ चं ड्रिल आजतागायत चालतंय. सोनेरी बिटं मऊ लाकडाला चालतात, तिथं वापरतो.

ड्रिल अगदीच निर्दोष आहे असं नाही. चकमध्ये बिट किंचित लडबडतं, त्यामुळं तीनचं भोक सव्वातीनचं होतं. वायर आखूड आणि ताठ, थंडीत तर काठीसारखी. सलग दहा मिनिटं चालवलं की बॉडी चटका देते, मग ते बाजूला ठेवून चहा. अकराव्या महिन्यात आतून निळ्या ठिणग्या दिसायला लागल्या, म्हणजे कार्बन, मोटरला वीज पोचवणारे झिजणारे छोटे ठोकळे, संपले. त्या मशिनचे कार्बन कुठंच मिळत नाहीत. विक्रेत्याला मेसेज केला, उत्तर नाही. उद्यमनगरात दुसऱ्या मशिनचे जरा मोठे कार्बन ४० रुपयांत मिळाले, ते कानशीनं घासून बसवले. माझ्या गावात उद्यमनगर आहे म्हणून हे जमलं. जिथं असं कुणी नाही, तिथं हे मशिन अकराव्या महिन्यात भंगारात गेलं असतं. ओळखीच्या कंपनीच्या मशिनला मोजता ते जास्तीचे पैसे खरं तर या ४० रुपयांच्या कार्बनसाठी.

एक काम मात्र त्याच्याकडून झालं नाही. आईसाठी झोपाळ्याचे हूक स्लॅबला मारायचे होते. विटांच्या भिंतीत लोण्यासारखं जाणारं ड्रिल काँक्रीटला भिडलं आणि २० मिनिटांत पेराएवढंसुद्धा आत गेलं नाही. माझ्यासारख्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात, त्यामुळं ठोक्याचा जोर आपण किती रेटतो त्यावर. रोटरी हॅमरमध्ये आत पिस्टन असतो, तो स्वतः हाणतो. हॅमर ३०० रुपये रोजानं भाड्यानं आणला आणि चारही भोकं पाव तासात पाडली. वर्षातून एकदा लागणारं मशिन स्वस्तातलंसुद्धा विकत का घ्यावं?

आता ग्राइंडर. इथं मात्र माझा सूर बदलतो.

त्याच्यासोबत फुकट आलेल्या डिस्कवर ना आरपीएम छापलेला होता ना तारीख. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११ हजार फेरे मारतो. चांगल्या डिस्कवर १५ हजारांच्या वरचा कमाल आकडा छापलेला असतो आणि मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना-वर्ष ठोकलेलं असतं, कारण डिस्क बांधणारं रेझिन जुनं झालं, ओल खाल्ली की कमजोर होतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! ती फुकटची डिस्क मी हातानं मोडून टाकली. बिस्किटासारखी मोडली.

पुढचा किस्सा लिहायला लाज वाटते, पण लिहितो. जूनमधली गोष्ट. गेटचा स्क्वेअर पाइप कापताना लाइट गेली. ग्राइंडर टेबलावर ठेवला आणि घरात आलो. याचं बटण पुढं सरकवून अडकवायचं, ते तसंच अडकलेलं राहिलं. दहा मिनिटांनी लाइट आली आणि शेडमधून भांडी आपटल्यासारखा आवाज. धावत गेलो तर ग्राइंडर टेबलावरून उडी मारून खाली फरशीवर गरागरा फिरतोय, डिस्कचे तुकडे पत्र्याला लागलेले. मेन स्विच पाडला तेव्हा थांबला. मुलगा पाचच मिनिटांपूर्वी तिथून सायकल घेऊन गेला होता.

सरकवून अडकवायचं बटण चांगल्या कंपन्यांच्या ग्राइंडरलाही असतं, त्यामुळं दोष स्वस्ताईचा एकटीचा नाही, माझाही आहे. पण लाइट परत आल्यावर आपोआप सुरू न होणारे किंवा दाबून धरलं तरच चालणारे ग्राइंडर मिळतात, आणि १,३५० मध्ये ते मिळत नाहीत. शिवाय याचं गार्ड पहिल्या महिन्यापासूनच सैल होतं. आठव्या महिन्यात आर्मेचर जळालं. नवीन आर्मेचर आणि मजुरी धरून ८०० सांगितले, तेव्हा नाद सोडला. आता बॉशचा, दाबून धरायच्या बटणाचा घेतलाय. आणि लाइट गेली की आधी प्लग काढतो, मग श्वास घेतो.

बॅटरीवरच्या मशिनवर '४८ व्होल्ट' असं स्टिकर आहे. बॅटरी उघडली तर आत पाच सेल. एक लिथियम सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा, म्हणजे पाचांचे झाले २१. मीटरनं २०.७ दाखवले. बाकीचे २७ स्टिकरमधले. तरी गंमत अशी, की मशिन कामाला वाईट नाही. प्लायला दीड इंची स्क्रू सुरुवातीला एका चार्जिंगमध्ये ७० जायचे, आता ३० च्या आसपास जातात. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपायचं धाडस मी केलेलं नाही, तुम्हीही करू नका.

७० रुपयांच्या गुण्यानं सर्वांत जास्त छळलं. गणपतीसाठी चौरंग केला, आणि तो डुगडुगायला लागला. एक पाय तासला, मग दुसरा, मग तिसरा. चौरंगाचा पाट व्हायची वेळ आली तेव्हा गुण्याची शंका आली. तपासणं सोपं आहे: प्लायच्या सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारायची. दोन्ही एकावर एक आल्या पाहिजेत. माझ्या रेघांमध्ये वरच्या टोकाला ३ एमएमची फट होती. म्हणजे चूक तिच्या निम्मी, दीड एमएम, आणि ती प्रत्येक सांध्यात चढत गेलेली. दुकानात गुण्या घेताना आता पेन्सिल खिशात घेऊन जातो. दुकानदार वैतागतो.

याउलट ५६० च्या व्हर्नियरनं थक्क केलं. दाजींच्या २५ एमएमच्या स्लिप गेजवर, म्हणजे अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यावर लावला, २५.०२ दाखवलं. दाजींनी तीनदा लावून बघितलं. लाकूडकाम करणाऱ्याला याहून काय पाहिजे? फक्त बंद केला तरी आतला सेल खात राहतो, म्हणून सेल काढूनच डब्यात ठेवतो. क्लॅम्पबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सहाच्या सहा ठणठणीत. पेचकसांची टोकं दोन महिन्यांत गोल झाली, पाने मात्र सायकलपुरते चालतात. पहिल्या पावसाळ्यात त्यांचा क्रोम सालपटासारखा निघाला, तेव्हापासून जूनच्या आधी सगळ्याला इंजिन ऑइलचा हात मारतो. मल्टिमीटर फक्त बॅटऱ्यांना. त्याच्या पातळ वायरी घरातल्या सॉकेटात घालायची माझी तयारी नाही.

आज हेच ८,२०० हातात आले तर ड्रिल असंच स्वस्त घेईन, पण सुटं, १०१ नगांशिवाय. क्लॅम्प आणि व्हर्नियर डोळे झाकून. ग्राइंडर आणि गुण्याला हात आखडणार नाही. पक्कड घेणार नाही. नाशिकच्या सातपूरच्या कंपनीची, पुरातून निघालेली वडिलांची पक्कड अजून तार कचकन तोडते.

मागच्या रविवारी दाजींचाच फोन आला. "पाव्हणं, तुमचं ते दोन हजाराचं ड्रिल कुठनं मागिवलं वो?"

मी म्हटलं, "का हो दाजी? तुमच्याकडं तर चांगलं आहे की."

"त्येच की. गल्लीतलं लोक मागाय येत्यात. माझं द्यायला जीव हुईना, म्हणून द्यायला एक येगळं घ्यून ठेवतो म्हनलं."

लिंक पाठवली. किंमत आता २,०९९ झालीये, आणि नग १०८.