कटर बारच्या पात्यांपायी १३,५९० रुपये गेले

जुन्या कटर बारचा, म्हणजे घास कापायच्या यंत्राच्या पात्यांच्या पट्टीचा, 'पूर्ण सेट, कंपनी माल' कोणी फोनवर विकत असेल तर माल हातात येईपर्यंत एक रुपयाही टाकू नका. मी टाकले. आधी २,०००, मग ६,५००, मग भाड्याचे १,८५०, शेवटी 'जीएसटीचे, परत मिळतील' म्हणून ३,२४०.

घास फुलावर आलेला आणि बार कापायच्या ऐवजी नुसता चिंबत होता. ४ फुटी बार, ३ इंची १६ पाती, मॉडेल जुनं. तालुक्यात सुटे भाग मिळेनात. कापायला माणूस नाही, दावणीला ६ जनावरं. अशा वेळी मोबाईलवर जाहिरात दिसली तर कोण फोन करणार नाही?

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: टोकन, बिल्टीचा फोटो, गाडी नाक्यावर अडली. मला जाळतो तो पहिलाच फोन. मी विचारलं, "पातं दोन्ही टोकांना बोटाच्या मधोमध थांबतं ना?" (बोट म्हणजे बारवरचा टोकदार लोखंडी दात, त्यातून पातं सरकतं.) तो म्हणाला, "थांबतंय कशाला दादा, एकदम फ्री, गोल फिरतं." गोल! कटर बारचं पातं करवतीसारखं डावं-उजवं सरकतं. ज्याने हे यंत्र एकदा पाहिलंय तो असं बोलणारच नाही. मला ते खटकलं होतं. तरी 'विकणारा आहे, मिस्त्री थोडाच' अशी स्वतःची समजूत घातली आणि पिन दाबला. मी अडाणी नाही, अडलेला होतो. अनोळखी विक्रेत्याला कामातला प्रश्न विचारा आणि उत्तर चुकलं की फोन ठेवा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, बँकेत जा. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय. परत ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्ताला. चौथ्या दिवशी अर्ज घेतला, पोच मागितली तर "एवढ्याशा रकमेला पोच कशाला?" एवढ्याशा! माझ्या दुधाचे पैसे होते ते. पैसे पुढे वळवण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर रक्कम गोठवता येते, हे यांच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. पुतण्याने सांगितलं, सहाव्या दिवशी. तुम्ही तासाभरात करा, आणि व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवा.

बार शेवटी गावातल्याच फिटरने उघडला. १६ पैकी ५ पाती गेलेली. छिन्नीने रिवेट तोडून, भोकं जुळवून हार्वेस्टरची ३ इंची पाती बसवली, पाती दाबून धरणाऱ्या पण वर उचललेल्या क्लिपा हातोडीने दाबल्या, पातं हाताने सरकतंय ना ते पाहिलं. ७५० रुपये, एक दुपार. घास तोवर जून झाला होता.